सात कागदांचा फरक

प्रश्न: नमस्कार. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. चार वर्षांपूर्वी फौजेच्या बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. बावीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवला, तोही मोठ्या बोअरचा, म्हणजे रुंद नळीचा, आणि एफ अटॅचमेंटवाला, म्हणजे अंगठ्याच्या ट्रिगरनं जोडली जाणारी जादा नळी असलेला. निवृत्तीच्या दिवशी वाद्य स्टोअरला जमा केलं, पावती घेतली आणि घरी आलो. आता पुण्यात मुलाकडे असतो. जुन्या हिंदी गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात जागा मिळाली आहे. दोन ट्रंपेट, एक टेनर सॅक्स आणि मी. मालकांनी दिलेला मेरठचा ट्रॉम्बोन सध्या वाजवतो, पण त्याची स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकवायची नळी, उसाच्या चरकासारखी चालते. सगळे म्हणतात, या कामाला छोट्या बोअरचा घ्या. दुकानात नवा यामाहा ३५४ मिळतो आहे. वांद्र्याला एका दिवंगत वादकाच्या घरी जुना किंग ३बी आहे, तो त्यांना विकायचा आहे. आणि न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, तिकडून जुना किंग २बी घेऊन पाठवतो, जॅझवाल्यांचा तोच खरा. नव्वद हजारांपर्यंत जमवू शकतो. कोणता घेऊ? आणि इतक्या वर्षांनी ट्रिगरशिवाय जमेल का? आमच्या सौ. म्हणतात, पेटी घ्या, घरात बसून वाजवता येईल.
– एक निवृत्त बँडवाला, पुणे

हवालदारसाहेब, नमस्कार.

पेटीचा सल्ला चांगला आहे, पण तुम्ही तो ऐकणार नाही हे वहिनींनाही ठाऊक असणार.

आधी निकाल सांगून टाकतो. वांद्र्याचा ३बी स्वतः जाऊन बघा. त्याची स्लाइड पास झाली तर तोच घ्या. नापास झाली तर हळहळत न बसता दुकानात जाऊन नवा ३५४ उचला. २बी सध्या डोक्यातून काढा आणि भाच्याला म्हणावं, पाठवायचंच असेल तर चांगलं स्लाइड क्रीम पाठव.

आता हे असं का, ते सांगतो.

बोअर म्हणजे आतल्या स्लाइडच्या नळीचा आतला व्यास. फौजेत तुम्ही वाजवलात तो बहुतेक ०.५४७ इंचाचा असणार, म्हणजे १३.९ मिलिमीटर. सिंफनी ऑर्केस्ट्रात आणि मोठ्या बँडमध्ये हेच माप चालतं. यामाहा ३५४ आहे ०.५०० इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. किंग ३बी ०.५०८ चा, १२.९ मिलिमीटर. किंग २बीच्या दोन नळ्यांची मापं वेगवेगळी असतात, वरची ०.४८१ आणि खालची ०.४९१; याला ड्युअल बोअर म्हणतात. म्हणजे ३५४ आणि ३बी यांच्यात फरक किती? ०.२ मिलिमीटर. झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवा, तेवढा. २बीच्या वरच्या नळीपासून ३बीपर्यंत जायचं तर सात कागद. एवढ्याशा फरकावर वादक लोक रात्र रात्र भांडतात. मीही भांडलो आहे.

कागदांवर हसू नका मात्र. हवा जाते ती नळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. तुमच्या जुन्या ०.५४७ मध्ये ३५४ पेक्षा वीस टक्के जास्त जागा होती. २बीच्या वरच्या नळीशी तुलना केली तर जवळजवळ तीस टक्के. बावीस वर्षं तुमची छाती त्या मोठ्या नळीला हवा पुरवत आली आहे. छोट्या बोअरवर तीच हवा ढकललीत तर नळी ती घेणार नाही, उलट तुमच्याकडेच परत लोटेल, आणि आवाज पत्र्यासारखा फाटेल. फौजेतून ऑर्केस्ट्रात आलेल्या ज्या ज्या ट्रॉम्बोनवाल्याला मी ऐकलं, त्याचे पहिले दोन महिने असेच गेले. नवं वाद्य आवडलं नाही म्हणून परत विकायला काढणारेही त्यातलेच.

म्हणून तुम्हाला ०.५०० किंवा ०.५०८ म्हणतो. मोठ्या बोअरवरून उतरताना ही पायरी पायाला लागते, पण माणूस पडत नाही. २बीवर जाणं म्हणजे जिना सोडून खिडकीतून उडी.

दुसरं कारण तुमच्या ऑर्केस्ट्राचं. तुमच्या पत्रातला महत्त्वाचा तपशील वाद्यांचा नाही, माणसांचा आहे: 'दोन ट्रंपेट, एक टेनर सॅक्स आणि मी.' तुम्ही एकटे आहात. खालून आधार द्यायला दुसरा ट्रॉम्बोन नाही. या गाण्यांचा ब्रास कसा लिहिलेला असतो ते तुम्ही आता अनुभवत असालच. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी तो घडवला. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला चिक चॉकलेटचा ट्रंपेट ऐका, शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझांनी मांडलेला वाद्यमेळ ऐका. ट्रंपेट वर चमकतात, आणि ट्रॉम्बोन कधी त्यांच्याबरोबर छोटे ठोके देतो, तर कधी गायकाच्या ओळीखाली लांब ऑब्लिगेटो, म्हणजे सोबतीची सुरावट, धरतो. ठोक्यांसाठी धार लागते, ती छोट्या बोअरमध्ये आपोआप येते. लांब स्वरासाठी अंग लागतं. दोन्ही एकाच वाद्यातून काढायचं, तेही एकट्यानं, तर आठ इंची बेल, म्हणजे पुढचं कर्ण्यासारखं तोंड, बरी. ३बी, ३५४ आणि कॉन कंपनीचा ६एच या तिघांचीही बेल आठ इंची. २बीची सव्वासातच्या वर जरा, सात आणि तीन अष्टमांश. ऐकायला गोड, पण दोन ट्रंपेटांच्या खाली एकटी पडली की बारीक वाटते.

हे पुस्तकी बोलत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मीही फोटो बघून परदेशातून एक २बी मागवला होता. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. बेल अशी की तोंड बघून दाढी करावी. वाद्याची पेटी उघडली, स्लाइडचं लॉक सोडलं, आणि बाहेरची स्लाइड तिसऱ्या पोझिशनपर्यंत, म्हणजे सात थांब्यांपैकी तिसऱ्यापर्यंत, जाऊन थांबली. तिथून पुढे ढकलली तर वाळूत ओढल्यासारखा आवाज. फोटोत बेल सहा बाजूंनी होती, आतली स्लाइड एकदाही नव्हती. तीन महिने ती माझ्या टेबलावर पडून होती. शेवटी बरीच सरळ केली, वाजवलीही. पण ज्या कार्यक्रमासाठी आणली होती तिथं दोन ट्रंपेटांनी तिला खाऊन टाकलं. नंतर चौघांच्या छोट्या जॅझ ग्रुपमध्ये मात्र तिनं मला रडवलं, इतकी सुंदर वाजली. म्हणजे वाद्याचा दोष नव्हता, मीच त्याला चुकीच्या घरी दिलं होतं.

आता वांद्र्याला काय बघायचं ते.

जाण्याआधी त्या कुटुंबाला फोन करून एवढंच सांगा, 'कृपा करून काही पुसू नका, पॉलिश करू नका.' माणसं चांगुलपणानं ब्रासो घेऊन बसतात. त्यानं लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप, जातं, आणि आपल्याला जे बघायचं आहे तेही पुसलं जातं. बरोबर छोट्या शँकचा, म्हणजे वाद्यात शिरणारी दांडी बारीक असलेला, माउथपीस घ्या (त्याचं पुढे सांगतो), मऊ सुती कापड, पाण्याची स्प्रे बाटली, थोडं स्लाइड क्रीम आणि एक टॉर्च. क्रीम नसेल तर पाँड्सची साधी कोल्ड क्रीम चालते. थट्टा नाही, अमेरिकेतले कितीतरी नावाजलेले वादक वर्षानुवर्षं तीच लावत आले. बोटाच्या टोकावर मुगाएवढी, वर पाण्याचा फवारा.

स्लाइड बाहेर काढा, आतल्या दोन नळ्या पुसा आणि खिडकीजवळ न्या. त्यांच्या टोकाकडचा काही इंचांचा भाग उरलेल्या नळीपेक्षा किंचित जाड असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. बाहेरच्या नळीला घासतो तो तेवढाच. आतल्या नळीवर क्रोमचा मुलामा असतो. त्यातून कुठं पिवळट धातू डोकावतोय का, बोटाला खरखर लागतेय का, उभे ओरखडे आहेत का, ते बघा. एखादा हलका ओरखडा माफ आहे. पण मुलामा उडालेले चट्टे दिसले की तिथंच चहा घ्या आणि निघा. पुन्हा मुलामा चढवून तो केसाच्या हिशेबात मापात आणणं हे गल्लीतल्या कारागिराचं काम नाही. बाहेर पाठवाल तर खर्च वाद्याच्या किमतीला भिडेल.

मग त्या घरात काचेचं टेबल शोधा. वांद्र्याच्या घरात असतंच. आतली स्लाइड त्यावर आडवी ठेवा. दोन्ही नळ्या पूर्ण टेकल्या पाहिजेत. एक कोपरा डुगडुगला तर स्लाइडला पीळ बसला आहे. त्यानंतर माझी आवडती चाचणी. बाहेरची स्लाइड उलटी फिरवून एक आतली नळी एकाच बाहेरच्या नळीत घाला, दुसरी मोकळी राहू दे. वरखाली करा. मग दुसरी जोडी. जी जोडी अडेल तिथं दोष. दोन्ही जोड्या एकेकट्या लोण्यासारख्या चालल्या आणि एकत्र घातल्यावर अडकल्या, तर नळ्या ठीक आहेत, फक्त समांतर नाहीत. हे दुरुस्त होतं, तासा-दोन तासांचं काम. पण एकट्या नळीतच खरखर असेल तर आत पोचा आहे किंवा नळी वाकली आहे. बाहेरच्या स्लाइडवरचा टिकलीएवढा पोचाही चालीला मारतो. बेलवरचा बशीएवढा पोचा मात्र मी माफ करतो. त्यानं स्वराला फारसं काही होत नाही आणि भाव पाडून मागता येतो.

आता हवेची चाचणी. स्लाइड जोडा, उभी धरा, माउथपीस जातो ते तोंड आणि बेल जोडायचं तोंड दोन्ही अंगठ्यांनी घट्ट बंद करा. लॉक कुणाला तरी सोडायला सांगा. बाहेरची स्लाइड धपकन खाली आली नाही पाहिजे. आतल्या हवेनं ती धरून ठेवावी, हळूहळू उतरू द्यावी. अंगठे काढल्याबरोबर मात्र सर्रकन सुटली पाहिजे (खाली हात धरा, नाहीतर यजमानांच्या फरशीची आणि वाद्याची दोघांचीही वाट लागेल). अंगठे असतानाही धपकन आली तर कुठंतरी गळती आहे. पहिला संशय पाणी काढायच्या चावीखालच्या बुचावर घ्या. तेच असेल तर दहा मिनिटांचं काम.

टॉर्च कशाला? पितळेला एक रोग होतो. त्यातलं जस्त आतून निघून जातं आणि तांब्याचे गुलाबी ठिपके उरतात. माउथपीसजवळची नळी आणि बाहेरच्या स्लाइडचं खालचं वळण, जिथं वादकाचा श्वास आणि पाणी साठतं, तिथं ते आधी दिसतात. समुद्राकाठच्या घरात तीस-चाळीस वर्षं राहिलेल्या वाद्यावर हे बघायलाच हवं. एकदोन ठिपके असतील तर घाबरू नका, पण वळणाला नखानं दाबून धातू दबला तर सोडा. स्वर जुळवायची छोटी ट्यूनिंग स्लाइड गच्च बसलेली असू शकते. तिथं पहिलवानकी दाखवू नका, ती सुटते, फक्त सुटायला माणूस माहितगार लागतो.

बेलवर कोरलेलं वाचा. एच. एन. व्हाइट कंपनीचा किंगचा कारखाना आधी ओहायोतल्या क्लीव्हलंडला होता, साठच्या दशकाच्या मध्याला तो जवळच ईस्टलेकला गेला. 'क्लीव्हलंड' वाचून काही लोकांचे डोळे पाणावतात आणि खिसे उघडतात. तुमचा खिसा बंद ठेवा. चांगली स्लाइड असलेला ईस्टलेक हा वाईट स्लाइडच्या क्लीव्हलंडपेक्षा शंभरपट बरा. तसं आता किंग, कॉन आणि बाख ही तिन्ही नावं कॉन-सेल्मर या एकाच कंपनीच्या छताखाली आहेत, हेही जाता जाता.

शेवटी वाजवून बघा, पण वरचे स्वर काढून स्वतःला नापास करू नका. चार वर्षांच्या खंडानंतर आणि त्या चरकावर घासल्यानंतर तुमचे ओठ अजून परतीच्या वाटेवर आहेत. मधल्या सप्तकात लांब स्वर धरा. बी फ्लॅट, एफ, वरचा बी फ्लॅट, डी. डी थोडा खाली आणि वरचा एफ थोडा चढा लागेल; ते निसर्गाचं आहे, प्रत्येक ट्रॉम्बोनमध्ये असतं, आणि कान व हात ते स्लाइडवर सांभाळून घेतात. फार जास्त पळत असेल तरच वाद्यावर ठपका ठेवा.

३बी नापास झाला तर ३५४. याला लोक 'शिकाऊ' म्हणून हिणवतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. कारखान्यातून स्लाइड नीट येते, प्रत्येक नग जवळपास सारखा असतो, सुटे भाग मिळतात आणि विकताना गिऱ्हाईक लगेच मिळतं. त्याचा आवाज जरा साधा, आज्ञाधारक मुलासारखा. ३बी तापट आहे. जोरात वाजवलं की आवाजाला झळाळी येते, हळू वाजवलं की घोगरा होतो. तुम्हाला कदाचित तो आवडेल, फौजी माणसाला तापट घोडाच आवडतो. बाख १६ किंवा कॉन ६एच कुणी चांगल्या अवस्थेत देऊ केला तर माझी हरकत नाही. बाख १६ हाही दुहेरी बोअरचा, ०.४९५ आणि ०.५०९, साडेसात इंची बेलचा. पण मिळत नाही म्हणून शोधत बसू नका.

मेरठच्या वाद्याबद्दल एक शब्द. तिथल्या जाली कोठी या वाद्यबाजारातल्या कारागिरांवर अख्ख्या देशातली लग्नं आणि मिरवणुका वाजल्या आहेत, त्यांना नावं ठेवण्याइतका मी मोठा नाही. बिगुल, युफोनियम तिथले छान वाजतात. पण स्लाइड ही वेगळीच गोष्ट. आतल्या आणि बाहेरच्या नळीत केसाच्या जाडीच्या आसपासची फट, आणि ती दोन फुटांच्या लांबीत सगळीकडे सारखी हवी. हातकामात तिथं नगागणिक फरक पडतो. तुमच्या मालकांना मिळालेला नग दुर्दैवी निघाला, एवढंच.

आता ट्रिगर. हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि पत्रात तुम्ही तो शेवटून दुसऱ्या ओळीत टाकलात.

एफ अटॅचमेंटवर तुमच्या डाव्या अंगठ्यानं बावीस वर्षं उजव्या हाताचं काम कमी केलं. खालचा सी पहिल्या पोझिशनला अंगठ्यानं, खालचा बी जवळच, थोडं पुढे. आता अंगठ्याला काम नाही. खालचा सी सहाव्या पोझिशनला आणि बी सातव्या पोझिशनला, हात पूर्ण ताणून. आणि ऑर्केस्ट्रात स्केल गायक ठरवतो. 'पांढरी चार', म्हणजे एफ, लागलं तर पंचम सी. 'पांढरी तीन', म्हणजे ई, लागलं तर पंचम बी. तो खालच्या सप्तकात आला की हात थेट शेवटच्या टोकाला. पहिल्या महिन्यात तिथं तुम्ही उशिरा पोचाल, आणि मग तो स्वर ट्रंपेटच्या मागून लंगडत येईल.

उपाय साधा आहे. रोज दहा मिनिटं, मेट्रोनोम ६० वर: एफ, सी, एफ, म्हणजे पहिल्यावरून सहाव्यावर आणि परत. मग ई, बी, ई, म्हणजे दुसऱ्यावरून सातव्यावर. खांदा वर उचलू नका, कोपर पुढे सोडा आणि मनगट ढिलं ठेवा. स्लाइड बोटांनी ढकलायची नसते, जवळजवळ फेकायची आणि टोकाला झेलायची असते. सातव्याला बोटांच्या टोकांवरच धरायचं. तुमचा उजवा खांदा जखडलेला असेल तर आधी त्याला ऊब द्या, नंतर हे. आणि कार्यक्रमात मान खाली न घालता पळवाट घ्यायलाही शिका. तोच बी एक सप्तक वर घेतला तर चौथ्या पोझिशनला मिळतो, सी तिसऱ्याला. निम्म्या वेळा श्रोत्यांना कळणारही नाही. सातव्या पोझिशनच्या या बीच्याही खाली, ई फ्लॅटपासून आणखी खालच्या बी नॅचरलपर्यंतचे स्वर सरळ ट्रॉम्बोनवर मिळतच नाहीत, ते विसरायचे. या गाण्यांत त्यांची गरज क्वचित पडते. पडलीच तर सप्तक बदला.

बदल्यात काय मिळतं? डाव्या हातावरचं वजन कमी होतं. तीन तासांच्या कार्यक्रमात मध्यंतरानंतर याची किंमत कळते.

माउथपीस. तुमच्या जुन्याची शँक मोठी आहे, छोट्या बोअरच्या वाद्यात ती बसणार नाही, आणि कुणी 'ॲडॅप्टर लावू' म्हणालं तर नको म्हणा. फौजेत बाख ५जी किंवा तसलं काही वाजवत असाल तर छोट्या शँकचा ६½ एएल घ्या. त्याची कड जवळपास तेवढीच रुंद असते, ओठांना परकं वाटत नाही. तो या वाद्यांना थोडा खोल आहे, आवाज जरा गडद येईल. येऊ द्या. सहा महिन्यांनी ओठ स्थिरावले की ७सी किंवा ११सी लावून बघा, तेव्हा वरची धार येईल. यामाहाबरोबर ४८ नंबरचा येतो, तोही वाईट नाही. पण वाद्य आणि माउथपीस दोन्ही एकाच दिवशी बदलू नका. काय बिघडलं आणि कशानं, ते समजणारच नाही. म्हणूनच म्हणतो, ६½ एएल आधी घ्या, आजपासून त्याच चरकावर वाजवा आणि तोच घेऊन वांद्र्याला जा.

माइकबद्दल. मालक तुमच्यापुढे माइक ठेवतील. बेल त्यात खुपसू नका, वीतभर अंतर ठेवा आणि थोडी तिरपी धरा. मोठ्या बोअरवर आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत तुम्ही स्वतः पोचवत होतात. इथं ते काम साउंडवाला करतो. जोर निम्मा करा. पहिल्या तालमीला तुम्हाला वाटेल, मी ऐकूच येत नाही. समोर बसलेल्या कुणाला तरी विचारा, मगच जोर वाढवा.

पैशांचं असं: नव्वद हजार हे संपूर्ण बजेट समजू नका. दहाएक हजार बाजूला ठेवा, माउथपीस, क्रीम, प्रॅक्टिस म्यूट (बेलमध्ये घालून आवाज दाबणारं बूच) आणि जुनं घेतलंत तर एकदा स्लाइड जुळवून धुऊन घ्यायला. धुताना कोमट पाणी वापरा, कढत नको, कढत पाण्यानं लॅकर सोलवटतं. प्रॅक्टिस म्यूट पहिल्याच दिवशी आणा. मुलाच्या सोसायटीत राहता आहात, आणि पेटीवाला सल्ला मुळात तिथून आला असावा असा माझा संशय आहे.

वांद्र्याला सकाळच्या उजेडात पोचा. डेक्कन क्वीननं दादरला उतरलात तर जमतं. घासाघीस त्या वादकाच्या घरच्या मोठ्यांशी करा, पण मुलांसमोर करू नका. आणि वाद्याच्या पेटीचा आतला छोटा कप्पा उघडून बघा, जुन्या पेटीत तिथं त्या वादकाचा माउथपीस बहुतेक असतो, कापडात गुंडाळलेला. त्याचे वेगळे पैसे मागितले तरी द्या.